प्रकल्प नोंदी : तनू-मनू, दुसरा मजला, नाशिक

६ जानेवारी २०२५, सोमवार

वही का सुरू केली ते आधी लिहून टाकतो.

शुक्रवारी आमच्या दोघी जुळ्यांना, तनू-मनूला, ताप होता. दुपारी मनूला तापाचं औषध दिलं. पाऊण तासाने तनूला दिलं आणि चमचा विसळताना लक्षात आलं, की आत्ता दिलं तीही मनूच होती. तनू सोफ्यामागे भिंतीला टेकून झोपली होती, अंग भाजत होतं. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. बाटली कुठली, किती मिली दिलं, दोन्ही वेळा किती वाजता? मला एकाचंही उत्तर धड देता येईना. पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदींत मिळतं, ५ मिलीत १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५०, आणि आमच्याकडे दोन्ही बाटल्या एकाच फळीवर शेजारी-शेजारी. दर किलोमागे १५ मिलिग्रॅम असा हिशेब. दोघी दहा-दहा किलोच्या, म्हणजे एका वेळी १५० मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतून सव्वासहा मिली, दुसरीतून तीनच. बाटल्यांवरचे ओघळ बघून ठरवलं की दोन्ही वेळा १२० वाली, पाच-पाच मिली. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, पण पुढचा डोस गाळा आणि रात्री मला कळवा." मग जरा थांबून, "तुम्ही इंजिनिअर ना? साइटवर लिहून ठेवत नाही का?"

लागलं. सोळा वर्षं रोजची साइट डायरी लिहितोय. सिमेंटच्या गोण्या किती आल्या, किती वापरल्या, पाऊस किती वाजता सुरू झाला, सगळं. घरात मात्र डोक्यावर भरवसा.

तर ही मेजरमेंट बुकच्या, म्हणजे साइटवर झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीच्या, आकाराची वही. नियमही तिचेच. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं आणि शेजारी सही करायची.

२५० ची बाटली कपाटाच्या वरच्या कप्प्यात, वेगळी ठेवली.

७ जानेवारी, मंगळवार

प्रकल्पाची माहिती राहिलीच काल.

मुली दोन, वय वीस महिने, दिसायला हुबेहूब. मनुष्यबळ एक (मी). कामाची वेळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात, म्हणजे ही बँकेत जाते तेव्हापासून परत येईपर्यंत. आधी सगळं आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी सांभाळलं. आता त्या येवल्याला आहेत, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायचेत, एकामागून एक. माझी साइट नोव्हेंबरात बंद पडली, बिलं अडकलीत. मी घरी बसलो नसतो तर काय केलं असतं, हा प्रश्न आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलेला नाही. २०१७ पासून हिच्यासारख्यांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ती तिने घेतली. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असंही कायद्याच्या त्याच दुरुस्तीत आहे. हिच्या शाखेत माणसं नऊ. आणि बापाचं म्हणाल तर केंद्र सरकारी नोकरीत पंधरा दिवस रजा असते. मला मुकादमी भाषेत उत्तर मिळालं होतं, "तीन दिवस घ्या साहेब, चौथ्या दिवशी स्लॅब आहे."

नावं यमकात ठेवायची ही कल्पना माझी. बारशाला सगळ्यांनी वा वा केली. आता स्वयंपाकघरातून "नूऽऽ" एवढंच पोचतं, आणि दोघी तरी येतात किंवा एकही येत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

ओळख पटवण्याची पद्धत ठरली. काजळाची तीट. तनूला उजव्या गालावर, मनूला डाव्या. सकाळी ही लावून जाते.

दुपारी साडेतीनपर्यंत उत्तम चाललं. तनूने डाळभात पूर्ण खाल्ला, मनूने चार घास. वहीत तसंच लिहिलं. संध्याकाळी ही आली, एकीला उचललं आणि म्हणाली, "मने, तू आज सगळं जेवलीस?"

मी म्हटलं ती तनू आहे, उजवा गाल. ही म्हणाली, "अरे, माझा उजवा."

म्हणजे तिने समोर बसवून आपल्या उजव्या हाताला येईल त्या गालावर तीट लावली. मी मुलीचा उजवा धरून चाललो. नकाशावर उत्तर दिशेचा बाण नसला की हेच होतं. एकदा एका बंगल्याचा जिना आम्ही अशाच कारणाने उलट्या बाजूला चढवला होता, तेव्हा मी ड्राफ्ट्समनवर ओरडलो होतो. आज ओरडायला कुणी नव्हतं.

आजची जेवणाची नोंद: ~~तनू पूर्ण, मनू चार घास~~ मनू पूर्ण, तनू चार घास. सही.

१० जानेवारी, शुक्रवार

नवी पद्धत. पोलिओच्या डोसानंतर डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करतात, तीच कल्पना उचलली. हिचं लाल नेलपॉलिश, पण हाताला नको, तोंडात जाईल. तनूच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला. फक्त तनूच्या.

मनूने ते बघितलं आणि वीस मिनिटं रडली. दम लागेपर्यंत. शेवटी तिच्याही अंगठ्याला लावलं, उजव्या. (पायाचा मालक ज्याला उजवा म्हणेल तो उजवा, असं फ्रिजवर लिहून चिकटवलंय.)

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. थंडी भरपूर, निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या सकाळपासून सुरू. आंघोळीचं पाणी तापेपर्यंत तनूने तिळाच्या डब्यात दोन्ही हात घातले. तीळ कशातून काढणं सर्वांत अवघड असतं? ओल्या केसांतून.

१९ जानेवारी, रविवार

बोरन्हाण. रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं म्हणून रविवार धरला. मागच्या वर्षी दोघी जेमतेम बसत होत्या, म्हणून पहिलं मांडीवर उरकलं. यंदा पाटावर बसवायचं, काळे फ्रॉक, हलव्याचे दागिने, सगळं रीतसर. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दोघींसाठी हलव्याचे मुकुट आणि हार स्वतः केले होते. दागिने अंगावर चढवल्यापासून पहिला हार खाल्ला जाईपर्यंत किती वेळ गेला, ते मी घड्याळ लावून पाहिलं: चाळीस सेकंद. मनूने तनूचा खाल्ला. स्वतःचा नाही.

मग डोक्यावरून ओतायचं साहित्य. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, शेंगा, हलवा, आणि हल्ली चॉकलेटंही. परंपरा मला प्रिय आहे, पण साहित्याची यादी बघा. यातली निम्मी वस्तू दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या श्वासनळीत नेमकी बसेल अशा मापाची आहे. शेंगदाणे मी आधीच बाजूला काढले. उसाचे मोठे तुकडे ठेवले. बोरं राहू दिली, कारण बोराशिवाय बोरन्हाण कसलं, असं काकू म्हणाल्या, आणि मलाही ते पटलं. ही माझी चूक.

पाऊस पडल्यासारखं सगळं अंगावर आलं, बिल्डिंगमधली पोरं लुटायला धावली, फोटो झाले. चाळीस मिनिटांनी तनू दूध पिईना. तोंड बंद, हसू येतंय पण ओठ उघडत नाहीत. मी गाल चाचपला. उजव्या गालात काहीतरी टणक. बोराची बी. गर कधीच संपला होता आणि बाईसाहेब बी गालात धरून अख्खा समारंभ फिरत होत्या.

बोट घालून काढावं असं हाताला वाटतं. घालायचं नसतं, आंधळेपणाने बोट घातलं तर वस्तू आत ढकलली जाते. तिला पुढे वाकवून मांडीवर घेतलं, खाली तळहात धरला आणि मी स्वतः "थूऽऽ" करून दाखवलं. तिने आनंदाने केलं. बी हातावर आली. मग मनूनेही केलं. तिच्या तोंडात काही नव्हतं, पण दिवसभर दोघींचं "थूऽऽ" चालू राहिलं. पाहुण्यांवरही.

रात्री हिला शेजारी बसवून दोघांनी एकदा उजळणी केली. एक वर्षावरच्या मुलाला खरंच अडकलं आणि आवाजच निघत नसेल, तर पुढे वाकवून पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापा, नाही निघालं तर मागून पोटावर पाच दाब, परत थापा. सरावाला उशी घेतली. उशीला दोन मिनिटांत वाचवलं.

जमिनीवरचं साहित्य मोजून परत भरलं. ओतलेली बोरं मी मोजली नव्हती, त्यामुळे किती परत यायला हवीत ते माहीत नाही. माल आवक न लिहिता शिल्लक काढायला बसलो होतो.

२८ जानेवारी, मंगळवार

लसीकरण. सोळा ते चोवीस महिन्यांमधला टप्पा. त्रिगुणीचा बूस्टर मांडीत, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस दंडात, पोलिओचे थेंब, शिवाय 'अ' जीवनसत्त्व तोंडाने. तापामुळे महिनाभर लांबलं होतं. काकू मदतीला आल्या. दोन कार्डं घेतली, एकावर 'त' आणि दुसऱ्यावर 'म', चांगलं ठळक.

थंडी होती म्हणून मोजे घातले होते. इथेच सगळं फसलं.

तनूला आधी टोचलं. ती रडली म्हणून मनू रडली, मनू रडली म्हणून तनूने आवाज चढवला. एक काकूंकडे दिली, एक मी घेतली, मध्ये कुणाची तरी चप्पल शोधली, परत अदलाबदल झाली. 'म' कार्ड पुढे करून खुर्चीत बसलो. सिस्टरनी सुई तयार केली, फ्रॉक वर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाबा, हा कापूस कुणी लावला?"

मांडीवर त्यांनीच दहा मिनिटांपूर्वी दाबलेला बोळा होता. मी 'म' कार्ड हातात धरून तनूला घेऊन बसलो होतो.

सिस्टर रागावल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "जुळ्यांचे बाप येतात ते असेच येतात," एवढंच म्हणाल्या. मग मोजा काढायला लावला, अंगठा पाहिला, मनूला टोचलं, आणि दोघींच्या हाताच्या पंजावर मागच्या बाजूला पेनने 'त' आणि 'म' लिहून दिलं. इतकी सोपी गोष्ट. अर्धा तास बाकावर बसून राहिलो, तसा नियमच आहे. त्या अर्ध्या तासात मनूने जीभ लावून 'म' पुसला.

संध्याकाळी दोघींना अंगात कसकस. औषध: मनू ७.१०, १२० वाली, ६ मिली. तनू ७.१५, तीच, ६ मिली. दोन्ही वेळा मोजा काढून अंगठा पाहिला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जुलाब. आधी मनू, सहा तासांनी तनू. रात्रीपासून लंगोट मोजायचं सोडून दिलं.

ओआरएसचं पाकीट फोडलं आणि सवयीने पेल्यात पाणी घेऊन त्यात ओतलं. ढवळलं. चव घेतली तर समुद्र. पाकिटावर वाचलं: १ लिटर पाण्यासाठी. पेला माझा २०० मिलीचा. छोटं पाकीट २०० मिलीचं मिळतं, तेच डोक्यात होतं. पाणी कमी घातलं तर मीठ-साखरेचं प्रमाण वाढतं आणि फायद्याऐवजी अपाय होतो. पोरीच्या तोंडाला लावण्याआधी चाखलं, एवढंच माझ्या बाजूने लिहिता येईल.

पाणी-सिमेंटच्या प्रमाणावरून मी मिक्सरवाल्यांची किती वेळा शाळा घेतलीय! "अंदाजे" हा शब्द माझ्या साइटवर बंद होता. लिटरची बाटली घेऊन परत सगळं केलं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं, म्हणून बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहिली. सकाळी ११.२०.

डॉक्टरांनी झिंकही दिलं, रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस. हे मला लगेच पटलं. स्लॅब वरून टणक वाटला म्हणून पाणी मारायचं कुणी थांबवतं का?

फ्रिजवर चौदा चौकोनांचा तक्ता, दोन ओळी, त आणि म.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पिंपळगावकडच्या मित्राने द्राक्षांची पेटी पाठवली. नाशकात या दिवसांत द्राक्षं घरात नसणं अवघड. एक-एक द्राक्ष उभं चिरायचं, आडवं नाही, आणि चार फाकी. आडवं चिरलं तर गोलच राहतं. दोघींना मिळून चाळीस द्राक्षं, म्हणजे एकशे साठ फाकी. चिरून होईतो पहिल्या फाकी संपलेल्या असतात आणि "अजू" अशी मागणी आलेली असते. ही म्हणाली, "कमी दे की." हे मला सुचलंच नव्हतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सविस्तर नोंद. या कामावरचा आजवरचा सर्वांत मोठा अपघात.

सकाळी १०.४०. मी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेलो. गॅलरीच्या दाराला आतून कडी आहे, खालच्या बाजूला, जमिनीपासून दोन फुटांवर. बिल्डरने ती तिथे का बसवली, देव जाणे. दार मी ओढून घेतलं होतं, कारण मुलींनी गॅलरीत येऊ नये. सावधगिरी म्हणून. तिसरा टॉवेल टाकत होतो तेव्हा खट्ट असा आवाज आला.

वळून बघितलं. काचेपलीकडे मनू. चेहऱ्यावर मोठं काम फत्ते केल्याचा आनंद.

मोबाइल आत. गॅस बंद होता, ते दोनदा आठवून खात्री केली. बाथरूमचं दार? उघडं. बादलीत पाणी? होतं, अर्धी बादली. इथे माझ्या पोटात गोळा आला. लहान मूल बुडायला बादलीतलं वीतभर पाणीही पुरतं, हे मला माहीत होतं, आणि तरी मी ती भरून ठेवली होती.

काचेवर टकटक करून दोघींना समोरच धरून ठेवायचं ठरवलं. तोंडं वेडीवाकडी केली, माकड केलं, बेडूक केला. तनूही आली. दोघींनी नाकं काचेला चिकटवली. मग कडीचं शिक्षण. कडी वर उचलली की सुटते. मी बाहेरून हाताने खूण करून म्हटलं, "मनू, वर! वर कर, वर!"

मनूने दोन्ही हात वर केले. तनूनेही.

आमच्या घरात 'वर' म्हणजे 'मला उचलून घे'. इतके दिवस मीच शिकवलंय. मी जितका "वर, वर" ओरडलो तितक्या त्या टाचा उंचावून हात ताणू लागल्या, आणि मी उचलत नाही म्हणून शेवटी दोघींनी भोकाड पसरलं. मध्ये काच. मी पलीकडे हातात ओला पायजमा घेऊन.

रडल्या ते बरंच झालं. काकूंनी वरून डोकावून विचारलं, "अहो, काय झालं पोरींना?" दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असते. "काकू, किल्ली घेऊन या, आधी बाथरूमचं दार लावा, मग मला उघडा," एवढं मी एका दमात सांगितलं. त्या कणीक मळत होत्या, तशाच हातांनी आल्या. कुलपावर, दाराच्या मुठीवर, मनूच्या केसांवर, सगळीकडे कणीक.

पण त्या येईपर्यंतच्या शेवटच्या दोन मिनिटांत मुलींनी माझ्यातला रस सोडला होता आणि आत निघून गेल्या होत्या. मला दिसत नव्हत्या. फक्त ऐकू येत होतं. एकीचे पाय पटपट वाजत गेले, थांबले, मग काहीतरी ओढल्याचा आवाज. ती दोन मिनिटं मी या वहीत लिहू शकत नाही.

काकूंनी दार उघडलं तेव्हा ११ वाजून १ मिनिट. एकूण एकवीस मिनिटं. मुली स्वयंपाकघरात, रव्याचा डबा आडवा, दोघी मध्ये बसून हाताने रवा सारवत होत्या. लेव्हल चांगली धरली होती.

केलेली कामं: गॅलरीची खालची कडी काढली, पाच फुटांवर नवी बसवली, बाहेरूनही उघडेल अशी. बाथरूमला बाहेरून वर बोल्ट. बादली वापरून झाली की उपडी, हा नियम आजपासून कायम. मोबाइल खिशात, कपडे वाळत घालतानाही. स्क्रू ड्रायव्हर जागेवर ठेवला (वरच्या फळीवर).

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. बादलीचं आधी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून बादली उपडी आहे का ते बघून आली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नवीन शब्द शिकवणं सुरू: 'कडी उघड'. प्रगती शून्य. 'थूऽऽ' अजून उत्तम.

११ मार्च, मंगळवार

शब्दांची यादी. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं यायला हवं, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून मोजतोय. मम, दुदू, भूभू, हम्मा, चिऊ, काऊ, गेली, नाई, अजू, थू. 'पापू' म्हणजे पाणीही आणि पंखाही, वर बोट असेल तर पंखा. 'डीडी' हा शब्द त्या फक्त एकमेकींशी वापरतात. अर्थ लागला नाही. एकीने 'डीडी' म्हटलं की दुसरी उठून जाते आणि परत येते तेव्हा कुणाचा तरी चष्मा आणते.

तनू ३४, मनू ३१. मोजताना कोण बोललं ते पायाकडे न बघता लिहिलं. तीनदा तपासलं, तीनही वेळा बरोबर. तनू शब्दाआधी श्वास आत ओढते, मनू ओढत नाही. कधी लक्षात आलं आठवत नाही.

आणि दुपारी ३.५० ला पहिलं दोन शब्दांचं वाक्य. मनू. मी तिला भात भरवत होतो. माझा हात बाजूला सारून स्पष्ट उच्चारात म्हणाली, "बाबा नको."

हिला फोन करून सांगितलं. ती कॅश काउंटरवर होती, तिथेच हसली.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. गावात रहाडी उघडल्या, पेशव्यांच्या काळापासूनची चाल. मोठ्या हौदांत रंग कालवतात आणि माणसं उड्या टाकतात. लहानपणी मी काकाच्या खांद्यावरून बघितलंय. यंदा मुलींना लांबून दाखवायचं ठरलं होतं, पण त्यांनी रहाड घरीच काढली.

मी फोनवर होतो, नव्या कामाचा फोन, सहा मिनिटं. हळदीचा डबा खालच्या मांडणीवर का होता याला उत्तर नाही. आंघोळीचा टब, त्यात (माझ्या नियमाने) पाणी नव्हतं, पण दुदूच्या बाटल्या होत्या. दूध अधिक हळद अधिक दोघी.

रसायनशास्त्राचा भाग. पिवळे फ्रॉक आणि टॉवेल मी कपड्यांच्या साबणाने खसाखसा घासले, आणि डाग लालभडक झाले. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. कुंकू तसंच करतात, हळदीला चुना लावून. हे मला माहीत होतं, हात चालवताना आठवलं नाही. बादलीत लाल पाणी, दोरीवर लाल टॉवेल. ही नेमकी आज लवकर आली, दारातून थेट बाथरूममध्ये डोकावली आणि तिच्या तोंडातून आवाज फुटेना.

"हळद आहे, हळद!" मी ओरडलो. दोघी मुली मागून पिवळ्याधमक येऊन उभ्या राहिल्या, पुराव्यादाखल.

साबण निघून गेल्यावर डाग परत पिवळे झाले. काकूंनी सांगितलं की उन्हात टाका, हळद उन्हाला टिकत नाही. (शुक्रवारी जोडलेली ओळ: दोन दिवस टाकले. खरंच उतरले.) मुलींचं मात्र उन्हात टाकता येत नाही. तनूच्या कानामागे अजून आहे.

२९ मार्च, शनिवार

आई आज आल्या. दोन्ही डोळे झाले, काळा चष्मा आहे. मंगळवारी, १ एप्रिलपासून माझी नवी साइट, ओझरजवळ. उद्या पाडवा, परवा एक दिवस सोबतीने काम, मग ताबा.

हँडओव्हरची नोंद लिहायला बसलो. औषधांच्या वेळा, बाटल्यांच्या जागा, बादली, द्राक्षं उभी. काढायची राहिलेली कामं: सोफ्याखाली तीन बोराच्या बिया दिसतात, पट्टीने निघत नाहीत. आईंचा जुना चष्मा सापडत नाही, 'डीडी'कडे चौकशी करावी. मनूचा डावा मोजा २८ जानेवारीपासून बेपत्ता.

आईंनी वही हातात घेतली, लांब धरून वाचली. नव्या डोळ्यांचा आनंद. "जावईबापू, एवढं लिहिलंत, पण ओळखायच्या कशा ते नाही लिहिलं. नेलपॉलिश तर दोघींचं गेलंय."

म्हटलं, आई, आता नेलपॉलिश लागत नाही. तनू शब्दाआधी श्वास घेते. मनू टाचेवर चालते, आवाज वेगळा येतो. तनू पडली तर आधी इकडेतिकडे बघते, मनू लगेच रडते. हे सगळं त्यांना मोठ्या थाटात सांगत होतो, तेवढ्यात आतून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ पळत गेलेली पावलं.

"मनू," मी न बघता म्हटलं, आणि तसं लिहिलंही.

आई उठून बघून आल्या.

सायंकाळी ५.४०, ताकाचं पातेलं, सांडलं: ~~मनू~~ तनू. सही.